हसनमामूंची रेघ

मांडवी बंदराच्या रस्त्यावर आमची मोटारी रंगवायची शेड होती. तिथे रंग सुकायला वेळ लागायचा, किस्से मात्र ताबडतोब व्हायचे! एका गाडीचा जुना रंग खरवडून होईतो नवा किस्सा तयार.

तेव्हा रत्नागिरीत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्याही बहुतेक मुंबईत कुणीतरी वापरून सोडलेल्या आणि आगबोटीने इकडे आलेल्या. त्यात खारा वारा आणि जांभ्याची तांबडी धूळ! दोन-चार पावसाळ्यांत गाडी खरूज झाल्यासारखी दिसे. मग ती आमच्याकडे येई.

शेड नानांची, घासकाम माझं आणि ब्रश हसनमामूंचा. मामू हर्णेचे, जन्मभर गलबतं रंगवलेली. मोटारीलाही ते होडीच म्हणायचे. आम्ही त्यांना सुधारायला गेलो आणि शेवटी आम्हीच होडी म्हणायला लागलो!

*

एका खोतांनी आमच्याकडे न येता घरच्या होडीवरच्या तांडेलाचा सल्ला घेतला. होडीला खाऱ्या पाण्यापासून जपायला माशाचं तेल लावतात, ते गाडीलाही लावलं. मुशीचं तेल, तेही सढळ हाताने!

गाडी अशी चकाकली की खोत खूश. देवदर्शनाला निघाले तेव्हा मागे मांजरं. देवळाशी पोचले तेव्हा अख्ख्या आळीची मांजरं! एक तर बॉनेटवर बसून निवांत चाटत होतं.

खोत तसेच आमच्या शेडमध्ये आले. मामूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाले, "काम झकास झालाय, खोतांनू. आता समुद्रात सोडा!"

*

मी दिवसभर पाणी आणि काचकागद घेऊन घासायचो. हात फिरवून बघायचो, आरशासारखं गुळगुळीत. मग मामू यायचे आणि मडगार्डला चक्क गाल लावायचे. डोळे मिटून.

"हितं कण हाय."

तिथे खरोखरच कण असायचा! मला आजही कळलेलं नाही तो त्यांना कसा लागायचा. हाताला लागत नाही ते गालाला लागतं, एवढंच ते सांगायचे.

एकदा फौजदारसाहेब आपली गाडी बघायला आले, तर मामू बॉनेटवर गाल टेकून उभे. साहेब घाबरले. "याला ताप आहे की काय?"

मामूंनी डोळेही उघडले नाहीत. "माला नाय साहेब, गाडीला हाय. आज नाय सोडायची."

*

व्हार्निशचा दिवस म्हणजे आमची परीक्षा. ओल्या व्हार्निशवर धुळीचा एक कण बसला की सगळं काम पुन्हा. म्हणून नाना आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचे.

"बा देवा म्हाराजा, आज वारा बांधून ठेव!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"माशीला दुसरी वाट दाखव!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी गाडीचो मालक सुकायच्या आधी बोट लावून बघील, तर त्याचो हात आवर!"

ह्या वेळी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा!" कोण ओरडलं असेल? हसनमामू! आणि त्या दिवशी मालक खरोखर हात मागे बांधून उभे राहिले.

*

पण मामूंचं खरं काम रेघ. रंग झाला की गाडीच्या कमरेभोवती एक बारीक पिवळी रेघ. खारीच्या केसांचा ब्रश आणि नुसता हात, ना दोरी ना पट्टी. मागच्या दारापासून निघायची, गाडीला फेरी घालून परत तिथेच येऊन मिळायची. मी इतक्या वेळा पाहिली, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा.

पुढे मामूंची नजर मंद झाली. रंगाचा डबा शोधताना हात चाचपडू लागले. नाना म्हणाले, "मामू, आता रेघ राहू दे."

"ज्या दिशी टोकाला टोक मिळनार नाय, त्या दिशी ब्रश खाडीत टाकीन. त्याच्या आधी बोलायचा नाय."

*

मग एकदा गावातल्या डॉक्टरांची जुनी गाडी आली. मामूंनी अर्धी रेघ ओढली असेल नसेल, तोच रस्त्यावरून वऱ्हाड आलं. ताशे, सनई, धूळ!

नाना हात जोडून आडवे गेले. "जरा थांबा हो! आत रेघ चाललीय!"

नवऱ्या मुलाचे वडील भडकले. "मुहूर्त टळेल माझा! रेघ कसली?"

नवरा मुलगा गाडीतून उतरला, मुंडावळ्या बाजूला सारून शेडच्या दारातून आत डोकावला आणि तिथेच थबकला. त्याने मागे वळून नुसता हात वर केला. ताशे बंद झाले. एकेक करून सगळं वऱ्हाड दारात गोळा झालं.

मामूंचा डावा हात दारांवरून पुढे सरकत होता, त्यामागून उजव्या हातातला ब्रश. मडगार्डचं वळण आलं, गेलं. मागची बाजू झाली. टोक जवळ येत गेलं. मी श्वास घ्यायचा विसरलो. वडीलही मुहूर्त विसरले असावेत.

टोकाला टोक मिळालं. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते दाखवता येणार नाही, अशी रेघ.

त्या शांततेत मामूंनी ब्रश उचलला, मान कलती करून थोडा वेळ कानोसा घेतला आणि हळूच विचारलं,

"नाना, मिळाली काय?"