आधी ‘प्रति’, मग आपण

दुसऱ्या बाईचं दोन दिवसांचं टायपिंग मी एका एंटरमध्ये पुसलं. आणि पुसताना चक्क हसत होते.

भोपाळहून आठ दिवसांचं कॉम्प्युटर-प्रशिक्षण घेऊन आले, तेव्हा बालाघाटच्या आमच्या कचेरीत मी स्वतःला शास्त्रज्ञच समजायचे. "काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, पासवर्ड द्यायचा, की फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर. वाटेत कोणाला वाचता येत नाही!" हे मी चहावाल्यालाही ऐकवलं होतं. तो बिचारा "हौ बाई" म्हणत कप उचलून पळाला.

त्या उन्हाळ्यात परसवाड्याकडची एक जण आमच्याकडे टायपिस्ट होती. तिकडच्या आणि बिरशाकडच्या बंद हातपंपांची यादी तिनं टाइप केली होती. तिच्या गावाचं नाव यादीत पहिल्यांदाच लागलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादी साहेबांच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पोहोचली, तरच दुरुस्तीची गाडी त्या गावाकडे जाणार होती.

"फ्लॉपीत नेऊन देते न, बाई."

"फ्लॉपी? कोणत्या जमान्यात राहतेस गं? सरक!"

त्या ओळीत आधी ‘कुठून’ लिहायचं, मग ‘कुठे’. पण माझा हात वीस वर्षं अर्ज लिहिलेला. अर्जात वर ‘प्रति’ साहेब, खाली आपण. मीही मान राखून साहेबांचा कॉम्प्युटर आधी लिहिला, तिचा मागून. साहेबांच्या कॉम्प्युटरवर त्याच नावाची गेल्या वर्षीची यादी होती. ती आली ती थेट नव्या यादीवर बसली. कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही. विचारलं असतं, तरी मी तोऱ्यात ‘हौ’च म्हटलं असतं.

तिनं फाइल उघडली. गावाचं नाव गायब.

"बाई, हे तर जुनी हाय! माही कुठी गेली?"

"सुरक्षित आहे," मी म्हणाले. कुठे, ते मात्र सांगता येईना.

हाताने लिहिलेले कागद होते, म्हणून वाचलो. मी वाचत गेले, ती टाइप करत गेली. तिचं गाव आलं तेव्हा बोटं जरा जोरात आपटली. दुसऱ्या दिवशी साडेचारला यादी पुरी झाली आणि माझा निर्लज्ज हात पुन्हा कीबोर्डकडे गेला. तिनं तो उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

"बाई, तुमी तिकडं कूलरपाशी बसा. यादी साहेबाच्या खोलीत पोहचू द्या, मंग मले शिकवा."