आमगावचं पिस्तूल

बायको शिवणयंत्राला तेल देऊ लागली की त्या वासानं मला आमगावची एक ओसरी आठवते. हेरकथा वाचून मला जुन्या पिस्तुलांचा नाद लागला होता. परवाना होता, हेराला न शोभणारं पोटही होतं. काळा गॉगल लावून मी एका म्हाताऱ्याचं पिस्तूल विकत घ्यायला गेलो. तेल दिलेली नळी निरखत होतो, तेवढ्यात त्याची म्हातारी कडाडली, "काऊन येवढं पाहून राहिले भाऊ? घेऊन जा ना! पोरगा मेला तवापासून रोज उशाशी घेऊन झोपून राहिले हे." म्हाताऱ्यानं पैसे घेऊन पिस्तूल माझ्या पिशवीत ठेवलं. फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "लवकर जा भाऊ. माह्यं मन फिरून जाईन." पिशवी छातीशी धरून मी स्टेशनाकडे अक्षरशः पळालो. आता माझा पोरगा परगावी असतो. त्यानं फोन उचलला नाही की मला तो म्हातारा कळतो.