पाठीमागचं नाव

आमच्या गावच्या चौकात शहीद जवानांचं स्मारक आहे. तिरंगा घेऊन पुढे झेपावणारा ब्राँझचा सैनिक आणि खाली काळ्या दगडावर कोरलेली नावं. एसटीची वाट बघताना मी त्या दगडाला टेकून उभा राहतो.

परवा एक बाई आल्या. "दादा, जरा सरकता का? तुमच्या मागं माझ्या भावाचं नाव आहे."

मी दचकून बाजूला झालो. त्यांनी पदरानं नाव पुसलं, ओल्या बोटानं त्याला हळदीकुंकू लावलं आणि लग्नाची पत्रिका खाली ठेवली.

"तुझ्या भाचीचं लग्न ठरलंय रे," त्या दगडाशी बोलल्या. "मामानं उभं राहायचं असतं तिच्या मागं."

स्वातंत्र्यदिनी या पुतळ्याला हार घालताना आमचा ऊर भरून येतो. तेव्हा माना वर असतात. वर सैनिक असतो, देश असतो. तो कुणाचा मामा असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं या नावांना पाठ लावून उभा राहिलो आणि त्यातलं एकही मला सांगता आलं नसतं.

"चुकलं माझं, ताई."

"असू द्या, टेका तुम्ही. त्याला माणसं लागायचीच जवळ."

त्या गेल्यावर मला टेकवेना. मी वळून पहिल्यापासून नावं वाचू लागलो. त्यांच्या भावापाशी आलो, तेव्हा कुंकू अजून ओलं होतं आणि ते नाव मी मोठ्यानं वाचलं.