कोंढ्याकडचा एक माणूस

लघवीची तक्रार लपवणारे पुरुष मी ढिगाने पाहिले आहेत. पण ती बेमालूमपणे दुसऱ्याच्या नावावर खपवणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी कोंढ्याकडच्या एका लहानशा गावचे, पिढीजात धानाचे शेतकरी, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावतलावाचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जाईल आणि किती वेळ जाईल, हे ठरवणारा माणूस तो पाणकर. तलावाच्या पोटातून पाटात पाणी सोडायला जुनं दगडी तोंड असतं, त्याला तुडुम म्हणतात. धान निसवायला आला की छातीभर पाण्यात उतरून तुडुमाचा लाकडी खुंटा उपसायचा मान मामाजींचा. चाळीस वर्षं त्या खुंट्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. पुढारी येवो की पाहुणा, हा माणूस कोणासाठी पाळी मोडायचा नाही. "पानी कोनाचा जवाई नाही," असं ठणकावायचे, आणि लगेच माझ्याकडे वळून, "तुमाले नाही म्हनलो जी, बापू," अशी पुस्ती जोडायचे.

त्यांचा दुसरा कायदा असा, की लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. हा कायदा जुन्या लोकांत पुष्कळांचा असतो, पण नातू झाला, पंगत झाली की बहुतेकांचा सुटतो. मामाजींचा नातू इंजिनियर झाला तरी सुटला नाही. मी जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला, राहायला क्वार्टर. मामाजी यायचे ते आपली बाटली घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसायचे, लेकीची, नातवाची, शेजारच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी करायचे आणि उठायचे. बरं, जिथलं पीत नाही तिथं सोडायचंही नाही, हे त्याच कायद्याचं पोटकलम. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची भेट तासाची अर्धा तास झाली आणि अर्ध्या तासाची दहा मिनिटं. बायको डोळ्यांना पदर लावायची, "बाबाची माया आटली जी." मी मात्र मामाजींचे गुडघे पाहत होतो. सहाव्या मिनिटाला ते एकमेकांना घट्ट धरायचे. माया आटली नव्हती, बाप्पा, उलट झालं होतं.

एसटीत तर त्यांनी इतिहास घडवला. पवनीहून भंडाऱ्याला येताना एकदा त्यांनी गाडी तीनदा थांबवली. पहिल्यांदा "वकारी येऊन राहिली" म्हणून, दुसऱ्यांदा "पिशवी पडली" म्हणून. तिसऱ्यांदा सबबच सुचेना, तेव्हा सरळ म्हणाले, "भाऊ, मले त्या झाडाची ओळख काढाची हाये." कंडक्टर भला माणूस. म्हणाला, "जा आजोबा, पन झाडासंग लय गप्पा नोका मारू." पण गप्पा लांबायच्याच. अडचण तीच होती. घाई राजाची आणि कारभार तलाठ्याचा. उभं राहायचं, वाट पाहायची, चार थेंब आले की परत यायचं, आणि सीटवर टेकलं की पुन्हा तीच घाई.

शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी मला अंगणातल्या सिताफळामागे नेलं. जावयाशी असलं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी धरणीने पोटात घ्यावं असा प्रकार. घसा खाकरून, सिताफळाशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कोंढ्याकडचा एक मानूस हाये. त्याले रातच्याले पाच-पाच डाव उठाव लागते. धार म्हनान तं सुतावानी. त्याले कोनता डॉक्टर पाह्यजे?"

"त्या माणसाचं वय काय, मामाजी?"

"असंन माह्याच जोडीचा."

"मग त्याला घेऊन या."

"तो येत नाही. लय लाजरा हाये. मीच जातो त्याच्या बदल्यात."

आणि खरोखर गेले. भंडाऱ्याचे डॉक्टर मुरलेले. त्यांनी कोंढ्याकडच्या माणसाची सगळी हकीकत गंभीरपणे लिहून घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे. आता त्या माणसाच्या बदल्यात तपासून पण घ्या. कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी." पुढचं मी सांगत नाही. पडद्याआडून "अरे बाप रे! हे काहून?" एवढंच ऐकू आलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. मला त्या वर्षीच्या सगळ्या एकादशा अजून पाठ आहेत.

डॉक्टरांनी समजावलं, की मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, वयानुसार ती वाढते आणि वाट आवळते. रक्ताची, सोनोग्राफीची तपासणी झाली. कॅन्सर नव्हता. त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करून नुसतं लक्ष ठेवता येतं. जास्त असेल तर गोळ्या. एक गोळी वाट सैल करते, तिचा गुण लवकर येतो, पण उठताना चक्कर येऊ शकते. दुसरी ग्रंथी हळूहळू लहान करते, तिला महिने लागतात. त्यानेही भागलं नाही तर दुर्बिणीतून आत जाऊन खरवडायचं किंवा लेझरने काढायचं. "ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता आत मूत्राशयात जातं, म्हणजे मूल होण्याच्या दृष्टीने..." असं डॉक्टर सुरू झाले तोच मामाजी ताडकन म्हणाले, "त्या मानसाले बाहात्तर वर्स झाले, साहेब! आता कोनाच्या बारशाच्या घुगऱ्या वाटाच्या हायेत?" मी पुन्हा एकादशांकडे वळलो.

गोळ्या सुरू झाल्या. पोळ्यापर्यंत धार सुधारली, मामाजींचं बोलणं सुधारलं, एसटी वेळेवर पोचू लागली. आणि मग पाणकराचं डोकं चाललं. धानाला पाणी पोचलं की तुडुम बंद करायचं, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात धार पुन्हा सुताची झाली. तेव्हाही पाणकरच धावून आला. तुडुमातून पाणी कमी येतं ते तलाव उतरला म्हणून. वरून दाब वाढला की पाणी मुकाट्याने येतं. साधी गोष्ट! मामाजी सकाळी सकाळी एकापाठोपाठ पाच तांबे पाणी प्याले आणि दाब येण्याची वाट पाहत अंगणात शतपावली घालत राहिले.

दाब आला. पाणी आलं नाही. एक थेंब नाही. दुपारी फोन आला तो सासूबाईंचा. "बापू, लवकर या जी. हे टमाट्यावानी लाल होऊन बसले. कोंढ्याकडचा मानूस म्हनत होते, तो हेच का?"

भंडाऱ्याला नेलं, नळी घातली आणि पिशवी भरली, तेव्हा मामाजींच्या तोंडावर जे सुख पसरलं ते मी कोणत्याही देवळात पाहिलं नाही. पण डॉक्टरांनी आता दोनच वाटा ठेवल्या. एक तर नळी ठेवून गोळ्या पुन्हा सुरू करायच्या आणि काही दिवसांनी नळी काढून पाहायचं. नाही तर सरळ दुर्बिणीचं ऑपरेशन. आतली वाट फार आवळली होती, म्हणून डॉक्टरांचा कल ऑपरेशनकडे. मामाजींचा नळीकडे, आणि कारण मला पक्कं ठाऊक होतं. पाऊस गेला होता, भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान निसवायला आला होता. चार दिवसांत तुडुम खोलायचं होतं.

"पिशवी कमरीले बांधतो अन उतरतो," मामाजी म्हणाले.

"नळी घेऊन तलावात? आत जंतू गेले तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

मामाजी पहिल्यांदाच त्या कोंढ्याकडच्या माणसाला बाजूला सारून बोलले. "साहेब, एक डाव दुसऱ्यानं खोललं का मी सपलो. मंग मले कोन इचारते?"

त्यावर सोबत आलेल्या सासूबाई पुढे झाल्या. "मी खोलतो."

"बाईमानूस तुडुमात उतरत नाही."

"बाईमानूस दिवसभर गाऱ्यात वाकून रोवना करते, ते चालते. चाळीस वर्स म्या तुमची शिदोरी तलावावर आनली, तवा काय डोळे मिटून आनली का जी? सही करा मुकाट्यानं!"

मामाजींनी सही केली. मृत्युपत्रावर करावी तशी केली.

ऑपरेशन सुरळीत झालं. सासूबाई गावी परतल्या. तिसऱ्या सकाळी नळी काढली आणि मामाजींनी आपलं आपण उरकलं की सुटी, असं ठरलं. नळी निघाली, दोन तास गेले. काही नाही. सिस्टरने बेसिनचा नळ सोडून पाहिला. "हा का पानी हाये?" मामाजी रडकुंडीला येऊन म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचा श्वास लागला होता. "निंघाला खुंटा! आयका." त्यांनी फोन पाटाच्या तोंडाशी धरला असावा. आधी गुळगुळ, मग धो धो. मामाजींनी डोळे मिटले. "डाव्या पाटात लय चाललं, बुढे, थोडसं आवर," असं म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. फोन माझ्या हातात कोंबून ते चपला न घालताच आत पळाले. फोनमधून तलाव वाहत होता, दाराआडून मामाजी. ते बाहेर आले तेव्हा डोळे भरले होते. "बुढीनं खोललं, बापू," एवढंच म्हणाले.

यंदाही सासूबाईच उतरल्या. गाव आता पाळी विचारायला त्यांच्याकडे जातं. मामाजी काठावर बसून सूचना देतात आणि त्या एकही ऐकत नाहीत. मामाजी थकलेत. बोलता बोलता पाण्याकडे पाहत राहतात, आणि मला वाईट वाटतं. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. माझीही पन्नाशी मागे पडली आहे. बराच वेळ पाटाकडे पाहून, घसा खाकरून मी म्हणालो, "मामाजी, जवाहरनगरचा एक माणूस आहे..."

त्यांनी मान वळवली नाही. हसलेही नाहीत.

"त्याले म्हना, गोळी मधात सोडू नोको. अन दवाखान्यात एकटा जाऊ नोको, मी येतो संगं." मग अगदी हळू म्हणाले, "मुक्कामालेच येतो तुमच्या घरी. पोरीले सांगा, माह्या नावाचा माठ भरून ठेव म्हना."