कोंबड्यांच्या खुराड्यातली ट्राम

किश्शांची ऑर्डर मी कधीच देत नाही. गिऱ्हाईक येतं, जिरं-मोहरी घेतं आणि जाताना एक किस्सा काउंटरवर टाकून जातं! डब्लिनजवळ लूकनला माझं किराणा दुकान. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एवढा साठा झाला, की आता थोडा खपवायलाच हवा.

त्यातला निम्मा माल एका ट्रामचा. कधीकाळी डब्लिन ते लूकन ट्राम धावायची. आधी वाफेवर, मग विजेवर. पुढे बस आली, रूळ उखडले, डबे विकून टाकले. त्यातला एक डबा दुकानामागच्या शेतात होता, कोंबड्यांचं खुराडं म्हणून! शेत विकलं गेलं. नव्या मालकाला तिथे घरं बांधायची होती, म्हणजे डबा मोडणार.

पॅडी म्हणजे आमच्याकडचा रिटायर्ड बस ड्रायव्हर. त्याचे वडील ती ट्राम चालवायचे. तो दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "मी जिवंत असेपर्यंत नाही."

झालं! पॅडी, गणिताच्या रिटायर्ड बाई नोरीन, पुण्याचा आयटीवाला प्रसाद आणि मी. समिती तयार!

*

पण सभा घ्यायची कुठे? जमायला बंदी. किराण्याच्या रांगेला मात्र परवानगी होती! मग आमची सभा माझ्या दुकानाबाहेरच्या रांगेत भरायला लागली. दोन-दोन मीटरवर उभं राहून ओरडत ठराव. ज्याचा नंबर येईल त्याने काहीतरी घ्यायचं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं.

काही आठवड्यांनी नोरीनबाई म्हणाल्या, "विलास, माझ्या प्रेसमध्ये," प्रेस म्हणजे इथलं कपाट, "आता कप ठेवायला जागा नाही. नुसती हळद! लढा लवकर जिंकू या, नाहीतर मला भारतीय व्हावं लागेल!"

*

पुढे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, असा नियम आला. ट्रामचा जुना मार्ग पायी बघायचं आमचं ठरलेलं. नोरीनबाई एकट्याच निघाल्या आणि नाक्यावर पोलिसाने अडवलं.

"कुठे निघालात?"

"ट्रामची वाट बघतेय."

"बाई, ती तर माझ्या जन्माआधीच बंद झाली!"

"मग मी का वैतागलेय, ते कळलं ना तुला?"

त्याने बाजूला होऊन वाट सोडली.

*

मालकाचा मॅनेजर एकदा दुकानात आला. सूट, टाय, डोक्याचं चकचकीत टक्कल. म्हणाला, "अहो, ट्राम कसली? खुराडं आहे ते. त्याला साधी चाकं तरी आहेत का?"

पॅडी तांदळाची पिशवी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "तुमच्या डोक्यावर केस नाहीत. आम्ही तुम्हाला मोडायला निघालो का?"

*

प्रसाद तसा मवाळ. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा म्यूटवर असणारा. पण पुढाऱ्यांच्या एका ऑनलाइन सभेत कुणीतरी नेहमीचं भाषण सुरू केलं, "लूकनला आम्ही नवी ट्राम आणणारच!" आणि प्रसादचा माइक चालू झाला.

"सर, नवी येईल तेव्हा येईल. आमच्याकडे एक तयार आहे, तेवढी मोडू देऊ नका!"

त्याला पुन्हा म्यूट केलं. यावेळी त्यांनी!

*

ऑक्टोबरात एका शेतकऱ्याने डब्यासाठी जागा दिली. पण डबा उचलायला क्रेन लॉकडाउन उठल्यावरच मिळणार होती, आणि बांधकामाला मुभा असल्याने मालकाचा डिगर, म्हणजे आपला जेसीबी, सोमवारची बँक हॉलिडेची सुट्टी संपताच येणार होता. आम्ही हात टेकले.

दसरा होता. माझी आई सांगलीहून थोड्या दिवसांसाठी आलेली आणि विमानं बंद झाल्याने अडकलेली. मी माझ्या व्हॅनची पूजा केली. आई म्हणाली, "आन् त्या गाडीची कोन करनार? दसऱ्याला गाडी बिनपुजंची ऱ्हाती व्हय?"

आईने डबा पुसून काढला. कोंबड्या हाकलल्या. हळद-कुंकू, नारळ, लिंबू, आणि माझ्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा. पॅडी टोपी काढून बाजूला उभा होता. त्याचे डोळे भरलेले.

डिगर आला तेव्हा आम्ही चौघं आणि आई डब्यासमोर अंतर राखून उभे. डिगरवाला पश्चिम आयर्लंडातल्या मेयोकडचा, आडदांड. गावाकडचा माणूस. शेतातलं एकटं काटेरी झाड तोडायचं म्हटलं तरी तिकडची माणसं दहादा विचार करतात; त्यात पऱ्या राहतात, तोडणाऱ्याच्या घरादाराला शाप लागतो म्हणे. तो खाली उतरला. कुंकू बघितलं. फुटलेला नारळ बघितला. मग नऊवारीतल्या आईकडे बघितलं.

"हे कुणी केलं?"

पॅडीने आईकडे बोट दाखवलं.

आई त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. कुठलंही नवीन माणूस भेटलं की ती जे विचारते तेच तिने विचारलं, "इच्यार रं त्याला, घरी कोन कोन असतं?"

मी इंग्रजीत सांगितलं. अगदी शब्दाला शब्द, पदरचं काही न घालता!

त्याचा चेहरा पांढराफटक. त्याने डिगर बंद केला आणि मॅनेजरला फोन लावला. तिकडून आरडाओरडा आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. तो संपेपर्यंत हा थांबला, आणि म्हणाला,

"नाही साहेब, मी हात लावणार नाही. तुम्ही स्वतः या. पण येण्याआधी घरी सगळ्यांना भेटून या!"