दारात गिळलेला शब्द

"बघा, आजींनी स्वतःच कबूल केलं," सर माइकवर म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

मी स्टेजवर खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, मांडीवर नारळ. तालुक्याच्या कॉलेजात माझा सत्कार होता. चाळीस वर्षं मी तापीकाठच्या आमच्या गावात सुईणपण केलं. शिक्षण चौथीपर्यंत. माझी नात त्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकते. सत्कारासाठी माझं नाव तिनेच दिलं होतं. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली होती.

सर मोठ्या शहरातून आले होते. मुलगी मुलगी कशी होते, यावर बोलत होते. म्हणे परदेशातल्या एका डॉक्टराने माणसाच्या मनाचा तळ शोधला. मुलगी तीन-चार वर्षांची होते, भावाला नागडा बघते आणि तिला कळतं, आपल्याला ते नाही. आईने आपल्याला अर्धंच जन्माला घातलं म्हणून ती आईवर रुसते. ही उणीव तिला जन्मभर सलते, मुलगा झाला की भरून निघते. बोलता बोलता ते माझ्याकडे वळले.

"आजी, खरं सांगा. लहानपणी कधी वाटलं का, आपण मुलगा असतो तर बरं झालं असतं?"

मी म्हटलं, "वाटलं."

तेवढंच त्यांना हवं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनेही सिद्धान्त खरा ठरवला, असं म्हणाले. चौथी पास होते, तीही त्यांनी काढून घेतली. मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "आजीले आते बी पाहिजे का रे?" पुन्हा हसू. नात हसली नाही. ती मान खाली घालून सरांचं बोलणं वहीत उतरवत होती. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी उठून माइक धरला. सर म्हणाले, वेळ संपली. मी सोडला नाही.

"साहेब, तुम्हीन इचारं, वाटनं का. कसाले वाटनं, ते इचारं नही."

मग का वाटलं, ते सांगितलं. भावाला मीच कडेवर वागवलं, मीच धुतलं. त्याच्याजवळ काय आहे ते रोज बघत होते. ते मला नको होतं. मला त्याची पाटी हवी होती. तो तिसरीत दोनदा नापास झाला, तरी शाळेत राहिला. मी वर्गात पहिली आले आणि कापूस वेचायला गेले. तूप त्याच्या भाकरीवर, तव्यावरची शेवटची करपलेली माझी. तूप ज्याला मिळतं त्याच्याकडे उपाशी माणूस बघणारच. त्यासाठी मनाचा तळ कशाला खणायचा?

"आजी जरा भावनिक झाल्या," सर हसून म्हणाले.

शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवून मी खाली उतरले.

एसटीने आम्ही दोघी घरी आलो. नातीने पुस्तक उघडलं. सरांच्या डॉक्टराला पुढे एका बाई डॉक्टरने उत्तर दिलंय, ते वाचून दाखवलं. बाईला तो अवयव नको असतो, त्याला मिळणारा मान हवा असतो. उलट पुरुषालाच बाईच्या गर्भाचा हेवा वाटतो. म्हणजे सरांनी ते पानच सोडलं होतं. मला बरं वाटलं. आपण जिंकलो असं वाटलं.

तेव्हा तिने विचारलं, "आजी, मन्हा येळे तू दारमा काय सांगं?"

तिच्या जन्माच्या वेळी मी दारात काय सांगितलं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे मुलगा झाला की सुईण आतूनच ओरडायची, "पोऱ्या शे." मुलगी झाली की दारात येऊन एवढंच म्हणायची, "बाई मोकळी व्हयनी." त्यावरून लोक समजायचे. 'पोर शे', मुलगी आहे, असं कोणी म्हणायचं नाही. बाप चपला घालून निघून जायचा. सासू गूळ परत डब्यात ठेवायची. हे मी माझ्या सासूचं बघून उचललं. तीही सुईण होती. मी त्याला रीत म्हणत आले.

बाळाने डोळे उघडलेले नसायचे. भाऊ बघितलेला नसायचा. आणि तिच्यात काही कमी आहे, हे मी दारात सांगून मोकळी व्हायचे, तोंडातून तिचा शब्दही न काढता.

नात माझ्याच हातात जन्मली. दारात माझा मुलगा उभा होता. त्याला काय सांगितलं, ते मी तिला सांगितलं. लपवलं नाही.

ती रडली नाही. तिने पुस्तक मिटलं.

"मंग माले कमी ठरावनारी पयली तूच," ती म्हणाली.

ते खरंच होतं.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. माझं काम कधीच सुटलं, केलेलं मात्र सुटत नाही. माझ्या हातावर जन्मलेल्या मुली आता बायका झाल्यात. कोणी गावातच आहे, कोणी नवापूरला नांदते, कोणी शहाद्याला. पाय चालतात तोवर एकेकीच्या घरी जाणार. तू जन्मलीस आणि 'पोर शे' म्हणायला मी लाजले, हे तोंडावर सांगणार. माफी मागणार नाही. माफी मिळाली की माझी सुटका होईल, त्यांची नाही.

सुरुवात सुनेपासून. नातीच्या जन्मापासून ती या घरात खाली मान घालून वावरते. तिच्यात काही कमी नव्हतं. ते मी दारात उभी राहून तिच्या माथी मारलं. हे तिला माझ्याच तोंडून, माझ्या मुलाच्या देखत ऐकवणार. मग तिने मला घराबाहेर काढलं तरी चालेल.