अकरावा तक्ता

ताई चहा गार झाल्यावरच पिते. दुसऱ्याच्या घरी गेली तरी अर्धवट उघडे राहिलेले खण ढकलून बंद करते. कोणी पेन मागितलं तर देते, आणि परत मिळेपर्यंत त्या माणसाच्या हाताकडे बघत बसते. खोलीतून निघताना पंखा बंद करते. आत बाकीचे बसले आहेत हे तिला जिन्यात आठवतं. आणि दिवसभरात कामातल्या किती ओळी खोडल्या, तो आकडा जेवताना सांगते.

"आज एकशे बारा गेल्या."

"वजन उतरल्यासारखं सांगतेस," नवरा म्हणतो.

नवऱ्याचं खाली चष्म्यांचं दुकान आहे. वरच्या खोलीत ताई बसते. सकाळी ती दंत महाविद्यालयातले संगणक सांभाळते. दुपारनंतर एका प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पोटात शिरते. ही भाषा वापरणारे हजारो आहेत. पोटात शिरून तिची डागडुजी करणारे चौघेच. पगार त्यांतल्या कोणालाच नाही.

तिथे काय बिघडलंय हे तिने नवऱ्याला पोहण्याच्या तलावावरून समजावलं होतं. तलावावर कपडे ठेवायला कपाटं असतात. कपाट घेतलं की नंबराचा बिल्ला मिळतो. समजा सतरा. भाषेतही तसंच होतं. प्रोग्रामने फाइल उघडली, चित्र उघडलं, दुसऱ्या संगणकाशी जोडणी केली, की भाषा त्याच्या हातात नुसता नंबर ठेवी. खरी वस्तू आत एका लांबलचक यादीत. कोणत्या प्रकारची वस्तू कशी बंद करायची, त्याचे वेगळे अकरा तक्ते.

"मग अडलं कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"तू बिल्ला परत केलास, पण नंबर हातावर लिहून ठेवलास. सतरा आता दुसऱ्याला मिळाला. तू पुन्हा येतोस, सतरा म्हणतोस, आणि त्याची विजार घालून घरी जातोस."

"मापाची असली तर चालेल."

"त्याला नाही ना चालत."

ताईचं म्हणणं साधं होतं. नंबर नकोच. वस्तूच हातात द्या. आपल्याला किती जणांनी धरलंय ते ती वस्तूच मोजेल. शेवटच्याने सोडलं की आपली आपण बंद होईल. मग यादी नको, तक्तेही नकोत. अकरा महिने ती एवढंच करत होती. येत्या शनिवारी नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. त्याआधी बदल आत गेला नाही, तर पुढचं दार दोन वर्षांनी.

आणि दारात आजोबा बसले होते.

आजोबा तिचे कोणी नव्हेत. भाषा त्यांनी जन्माला घातली म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांच्या बायकोला मात्र काकूच म्हणायचं, असं काकूंनी स्वतःच बजावलं होतं. चौघांत कायदा एकच, आणि तो आजोबांचा. जुनं काढायचं असेल तर ते मुळात का ठेवलं होतं, हे आधी लिहून दाखवायचं. ते वाचून त्यांनी मान डोलावली, तरच हात लावायचा.

दहा तक्त्यांचं ताईने लिहिलं. गुरुवारी दुपारी तिने फोन लावला.

"आजोबा, अकरावा अडलाय. तो रिकामा. त्यात काहीच नाही, तरी दर वेळी भाषा तिथे जाऊन डोकावून येते."

"त्याला हात लावू नकोस."

"का?"

"महत्त्वाचा आहे."

"कशासाठी?"

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. "तू सांग. तुझा अभ्यास आहे."

"तुम्ही लिहिलाय, आजोबा."

"अगं, मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. त्या माणसाचं मला आता काहीच पटत नाही." मग म्हणाले, "मला वाटलं, इतकी वर्षं कोणी काढला नाही, म्हणजे तुमच्यापैकी कोणाला तरी ठाऊक असेल."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

दोघंही इतकी हसली की नवरा गिऱ्हाईक सोडून वर बघायला आला.

"मी माझ्याकडे काढून बघितला," ताई म्हणाली. "काही म्हणजे काही बिघडत नाही."

"मग तर मला जास्तच भीती वाटते. उद्या घरी ये. जुन्या वह्या आहेत."

वह्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. "लग्न झाल्यापासून आवरतो आवरतो म्हणताहेत," काकू म्हणाल्या, आणि मांडी घालून तिथेच बसल्या. मजा कोण सोडतं? तिघांनी तीन वह्या घेतल्या. किराणा, दवाखान्याच्या वेळा, मध्येच भाषेतल्या कशाचा तरी आराखडा. तासाभराने काकूंनाच सापडलं. पानाच्या मधोमध, जाड अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: अकरावा तक्ता. हे विसरू नकोस.

बस. पुढचं पान कोरं.

"काय शहाणा माणूस होता," काकू म्हणाल्या.

ताईचं हसू लवकर ओसरलं. उद्या शनिवार. कायदा म्हणजे कायदा. तिने बाकीच्या दहांचं लिहिलेलं त्यांच्यासमोर ठेवलं. आजोबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. यादी अशासाठी, की तेव्हा यंत्रात जागा इवलीशी होती आणि नंबर सर्वांत स्वस्त पडे. तक्ते वेगळे अशासाठी, की बाहेरच्या कोणी नवा प्रकार जोडला तरी आतल्या खोल्या त्याला दिसू नयेत. चौथ्या तक्त्यापाशी ते थांबले.

"इतका विचार मी केला होता?"

"केला होतात. त्या वेळी तेच बरोबर होतं."

"मला कधी कोणी सांगितलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. उरलेले सहा मनात वाचले. वेळ लागला.

"दहाही काढ," ते शेवटी म्हणाले. "यादीपण काढ. अकरावा राहू दे. कारण सापडेल तेव्हा बघू."

"एकटाच राहील तो. विचित्र दिसेल."

"दिसू दे."

शनिवारी दुपारी बदल आत गेला. तीन हजार चारशे सहा ओळी गेल्या. ताईला जेवणापर्यंत धीर निघाला नाही. जिना उतरून तिने आकडा दुकानातच सांगितला. नवऱ्याने तो समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितला. भिंतीवरची अक्षरं वाचत बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "बरं झालं," आणि पुढची ओळ चुकीची वाचली.

अकरावा तक्ता अजून जागेवर आहे. भाषा दर वेळी तिथे जाते, डोकावते, परत येते. त्याच्या वर ताईने एक वाक्य लिहायला घेतलं आहे: हा तक्ता इथे आहे, कारण

रोज दुपारी ती फाइल उघडते, त्या शब्दापाशी येते, आणि गार चहा संपवते.